पोस्टमनच्या पिशवीतलं विद्यापीठ



दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं, दवाखाना ही कारणं नेहमीची, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. त्या दिवशी मात्र एका ताईंनी तीन हजार रुपये मागितले आणि कारण सांगितलं, बी.ए.ची फी. अध्यक्ष बाईंनी सहज विचारलं, "मोठ्या मुलीची का?" ताई म्हणाल्या, "नाही, माझी."

बैठक गप्पच झाली. ताईंचं वय एकेचाळीस. मुलगी बारावीला आहे. मुक्त विद्यापीठातून त्यांचं पहिलं वर्ष झालंय, पण दोन विषय राहिलेत. हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या, "शेळी दूध देती, बोकड विकता येतो. तुझं बी.ए. गटाला काय देणार?" काकूंनी हे चेष्टेने विचारलं नव्हतं. दर महिन्याला शंभर-शंभर टाकून साठवलेला पैसा आहे, विचारायलाच पाहिजे. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

मी त्या गटांची समन्वयक. मी स्वतः लग्नानंतर घरी बसूनच बी.ए. झाले. तरी मला त्या वेळी काकूंना उत्तर देता आलं नाही. नंतर विचार करताना लक्षात आलं, की घरी बसून विद्यापीठाचं शिक्षण घेणाऱ्या माणसांना हा प्रश्न दीडशे वर्षं विचारला जातोय. म्हणून आज त्या माणसांची गोष्ट सांगते.

ती सुरू होते पोस्टमनपासून. इंग्लंडमध्ये १८४० साली असा नियम झाला, की हलकं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाईल. टपाल गरिबाच्या आवाक्यात आलं. त्याच सुमारास आयझॅक पिटमन नावाच्या शिक्षकाने टपालाने लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड, शिकवायला घेतलं. तो धडा पाठवी, विद्यार्थी सोडवून परत पाठवी, आणि तपासलेला कागद पुन्हा विद्यार्थ्याच्या घरी येई. आपण आज ज्याला गृहपाठ म्हणतो तो हाच.

विद्यापीठं या वाटेला आली ती १८५८ साली. लंडन विद्यापीठाने जाहीर केलं, की कॉलेजात न बसलेला माणूसही आमची परीक्षा देऊ शकेल. आपल्याकडे दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरतात ना, तसंच समजा. विद्यापीठ परीक्षा घ्यायचं, शिकवायचं नाही. कसं शिकलात, कुणाकडून शिकलात, हे तुमचं तुम्ही बघायचं. आणि ही मुभा फक्त पुरुषांना. बायकांना पदवीचं दार उघडायला आणखी वीस वर्षं गेली, १८७८ उजाडलं. १८८० साली तिथे पहिल्या चार बाया बी.ए. झाल्या.

योगायोग असा, की लंडनमध्ये ही सोय झाली त्याच १८५८ साली कोकणात धोंडो केशव कर्वे जन्मले. आपले महर्षी कर्वे. विधवांसाठी त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला केलेलं काम तुम्हाला माहीत आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हातात पडली, आणि १९१६ साली त्यांनी इथे भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ काढलं. पुढे ठाकरसी कुटुंबाच्या देणगीनंतर ते एसएनडीटी या नावाने ओळखलं जाऊ लागलं. विद्यापीठ निघालं तेव्हा पहिल्या वर्गाला होत्या जेमतेम पाच मुली. कर्व्यांनी दोन गोष्टी आपल्यासारख्यांच्या सोयीच्या केल्या. शिक्षण मातृभाषेतून ठेवलं. आणि कॉलेजात येऊ न शकणाऱ्या बाईला घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची मुभा दिली. बाई घराबाहेर पडू शकत नाही हे त्यांनी नाकारलं नाही, त्यावर नुसतं भाषणही केलं नाही. तिच्यासाठी वाट काढली.

पण घर ही शिकायची सोपी जागा नाही, हे त्या काळच्या बायकांनीच लिहून ठेवलंय. रमाबाई रानड्यांना त्यांचे यजमान न्यायमूर्ती रानडे घरीच शिकवत. नवरा एवढा मोठा, तोच शिकवणारा, तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांना टोचून बोलत. रमाबाईंनी आठवणींच्या पुस्तकात ते सांगितलंय. माझ्या सासूबाई मला कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण मी पुस्तक उघडलं की त्यांना नेमकी लसूण सोलायची आठवण व्हायची.

परवानगीवर चालणारा अभ्यास कसा असतो ते पाहायचं तर दक्षिण आफ्रिकेत जायला हवं. नेल्सन मंडेलांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. काळ्या माणसांच्या हक्कांसाठी सत्तावीस वर्षं तुरुंगात काढली आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. तरुणपणी कॉलेजातल्या एका वादात त्यांना शिक्षण सोडावं लागलं. मग जोहान्सबर्गला वकिलाच्या कचेरीत दिवसा नोकरी आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास, असं करत त्यांनी १९४३ साली टपालाने बी.ए. पुरी केली. दक्षिण आफ्रिकेचं ते विद्यापीठ, युनिसा, आजही दूरशिक्षणासाठी ओळखलं जातं.

पुढे मंडेला आणि त्यांचे सोबती रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गेले. तिथे दिवसभर चुनखडीच्या खाणीत काम. टपालाने अभ्यास करायला तुरुंगाची परवानगी लागे, आणि काही बिनसलं की शिक्षा म्हणून ती परवानगीच काढून घेत. मंडेलांनी लपवून लिहिलेल्या आत्मचरित्राची पानं १९७७ साली अंगणात पुरलेली सापडली, तेव्हा त्यांचा अभ्यास चार वर्षं बंद केला. कैदी मात्र खाणीत खोदता खोदता एकमेकांना शिकवत राहिले. ज्याला इतिहास येई तो इतिहास सांगे, ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा अक्षरं शिकवी. मंडेलांना कायद्याची पदवी मिळाली १९८९ साली, कैदेत असतानाच. वय सत्तर.

हे वाचलं तेव्हा मला त्या पदवीपेक्षा खाणीतल्या त्या वर्गाचं जास्त वाटलं. कागद टपालाने आला तरी तो समजावून सांगणारं कुणीतरी शेजारी लागतं.

ही गोष्ट एका सरकारने ओळखली ती पुन्हा इंग्लंडमध्ये. तिथले पुढारी हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगोच्या भाषणात कल्पना मांडली, की रेडिओ, टीव्ही आणि टपाल यांच्यावर चालणारं विद्यापीठ काढू. त्याला नाव दिलं 'हवेतलं विद्यापीठ'. आपण आत्ता रेडिओवर बोलतोय ना, तशा हवेतलं. चेष्टा पुष्कळ झाली. ते उभं केलं जेनी ली या मंत्रीबाईंनी. कोळसा खाणीतल्या मजुराची ही लेक. त्यांचा हट्ट एकच होता, की गरिबाला द्यायचं म्हणून हलकं देऊ नका. दर्जा मोठ्या विद्यापीठांचाच हवा. १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१च्या जानेवारीत शिकवणं सुरू झालं. प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अट नाही.

आणि त्याच महिन्यात तिथल्या टपाल कर्मचाऱ्यांनी संप केला! तो चालला सात आठवडे. विद्यापीठ सगळं टपालावर, आणि टपालच बंद. पुस्तकं आणि पाठ दुसऱ्या वाटांनी पोचवावे लागले. तरी विद्यापीठ टिकलं. मला वाटतं, पहिल्याच परीक्षेत ते स्वतः पास झालं.

त्या विद्यार्थ्यांचे अनुभव ऐकताना आपल्याच घरात डोकावल्यासारखं वाटतं. पाठ टीव्हीवर लागणार ठरलेल्या वेळी. तेव्हा घरोघरी रेकॉर्डिंगची सोय नव्हती, चुकला तो चुकला. पुढे पुढे तर हे कार्यक्रम पहाटे किंवा मध्यरात्री लागत. कामावर जाणारी माणसं डोळे चोळत वही घेऊन बसत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी एक पेटी येई, त्यात रसायनं, काचेच्या नळ्या, छोटा सूक्ष्मदर्शक. प्रयोग करायचे स्वयंपाकघराच्या ओट्यावर. एका बाजूला बटाटे उकडतायत, दुसऱ्या बाजूला आम्ल मोजणं चाललंय. शिवाय उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्यांनी खऱ्या विद्यापीठात राहायला जायचं. अनेकींच्या आयुष्यात घरापासून एकटीने राहिलेला तो पहिला आठवडा होता.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. विद्यापीठ काढलं कामगारांसाठी, पण पहिल्या तुकडीत मोठा भरणा होता तो शाळामास्तरांचा. बायका पुरुषांपेक्षा खूपच कमी. दार सताड उघडलं तरी आधी आत जातो तो दाराजवळ उभा असलेला. सरकारी योजनांचं काय होतं ते आपण बघतोच की. बायकांची संख्या वाढायला वेळ लागला.

आता आपल्या देशात येऊ. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने सुचवल्यावर दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने बी.ए. शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडचा हा पहिला पत्रद्वारा अभ्यासक्रम. त्याच १९६२च्या नोव्हेंबरात महर्षी कर्वे वारले, एकशे चार वर्षांचे होऊन. लंडनची बाहेरून परीक्षा सुरू झाली तेव्हा जन्मलेला माणूस भारतातलं टपालशिक्षण सुरू झालेलं पाहून गेला. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली हीच सोय केली. पण पत्रद्वारा शिक्षणात अट तीच होती, बारावी पाहिजे. आणि घरी येत त्या बहुतेक छापील नोट्स. चौथीत, सातवीत शाळा सुटलेल्या बाईसाठी तिथे काही नव्हतं.

ती उणीव भरायला मुक्त विद्यापीठं आली. पहिलं हैदराबादला, १९८२ साली. त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. मग १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, ज्याला सगळे इग्नू म्हणतात. आणि १ जुलै १९८९ला आपल्या नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. गंगापूर धरणाच्या बाजूला विद्यापीठाचं मुख्य ठिकाण आहे, आणि ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. ज्यांची बारावी झालेली नाही त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा छोटा शिक्षणक्रम काढला, तो केला की पदवीला जाता येई. मी ज्यांच्याबरोबर शिकले त्यातल्या एक मावशी सातवी झालेल्या होत्या आणि याच वाटेने आल्या होत्या. प्रवेशाचे नियम मात्र अधूनमधून बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका. अभ्यासकेंद्रात जाऊन विचारा, आणि विद्यापीठ कुठलंही असो, त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता त्या वर्षी आहे का ते आधी बघा.

या विद्यापीठाची पुस्तकं हाताळली असतील त्यांना ठाऊक आहे, ती वेगळी असतात. घटक लहान लहान. सुरुवातीलाच लिहिलेलं, की हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला काय काय सांगता येईल. मध्येच थांबवून प्रश्न विचारतात आणि उत्तरं शेवटी तपासायला देतात. जणू पुस्तकातच बाई बसलेल्या आहेत. भाषा मराठी. पोळ्या लाटता लाटता एक घटक वाचून होतो. खरंच होतो, मी केलाय. पानांना पीठ लागतं एवढंच.

आता माझं सांगते. मी बारावी झाले, लग्न झालं, मुलगा झाला. तो अंगणवाडीत जायला लागल्यावर फॉर्म भरला. पुस्तकांचा गठ्ठा घरी आणला त्या दिवशी नवी साडी आणल्यासारखा आनंद झाला होता. आणि मग तो गठ्ठा तीन महिने मी सोडलाच नाही. सुतळीसकट माळ्यावर होता. कुणी अडवलं नव्हतं. शाळूची काढणी होती, मग दिराचं लग्न होतं, मग मुलाला कांजिण्या. अभ्यासाची वेळ कुठल्याच दिवसात नव्हती, कारण ती कुणी ठरवलीच नव्हती. मीसुद्धा नाही. गृहपाठाची तारीख गेली. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले. गुणपत्रिका ज्वारीच्या डब्यात खाली घालून ठेवली होती. ती सासूबाईंनाच सापडली. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचता आला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लसूण त्याच सोलायला लागल्या.

दुसऱ्या वर्षी मला दोघीजणी भेटल्या. रविवारच्या संपर्कसत्राला आम्ही तिघी तालुक्याला एकाच वडापने जायचो. एक त्या सातवी झालेल्या मावशी, आणि एक दुकानात कामाला जाणारी मुलगी. सरांनी काय शिकवलं ते आता आठवत नाही. पण वडापमध्ये दाटीवाटीने बसून मावशी म्हणायच्या, "चल, तू मला विचार, मी सांगते," हे आठवतं. पुढच्या सीटवरचे आजोबा एकदा म्हणाले, "अगं, ते आता मलापण पाठ झालं." मी पदवीला तीनऐवजी पाच वर्षं घेतली. दुकानातली ती मुलगी सुटली मध्येच, तिचं लग्न ठरलं. फी भरलेली होती.

लोक आजही विचारतात, "बी.ए. बाहेरून केलीस ना?" त्या 'बाहेरून' शब्दात पुष्कळ काही असतं. त्यांच्यासाठी सांगून ठेवते. यूजीसीने २०२२ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलंय, की मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी ही कॉलेजात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची धरायची.

मग आलं २०२०. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि एका आठवड्यात सगळा देश 'बाहेरून' शिकायला लागला. ज्या कॉलेजच्या मुलांनी आम्हाला नावं ठेवली होती तीही घरात. पण ती मुलं दूरशिक्षणाला स्वतःहून आलेली नव्हती, त्यांना ढकललेलं होतं. हातात पुस्तक नाही, मोबाईलवर तास. आमच्या गावात रेंज फक्त मंदिराच्या माळावर. छत्री धरून पोरं तिथे बसायची. घरात मोबाईल एक आणि शिकणारी दोघं असली, तर तास कुणाचा बुडायचा ते मी सांगायला नको. मुलीचा. "तुझं काय, तू नंतर बघ." अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्याच असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये सांगितलं आणि पुष्कळांनी त्या मोबाईलवरच दिल्या. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा मोबाईल पेपरात तीनदा बंद पडला. तिने चौथ्यांदा सुरू केला.

तेव्हा मला माझ्या पिठाच्या पानांची किंमत कळली. छापील पुस्तकाला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आणि ते दिराने मागून नेलं तरी रिकामं परत येत नाही.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. एवढं लांब नाही. मंडेलांचं सांगितलं, टपाल संपाचं सांगितलं, आणि ज्वारीच्या डब्याचंही सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी ताईंनाच विचारलं, "दोन विषय का राहिले?" ताई म्हणाल्या, "पुस्तक उघडायला वेळच झाला नाही." काकू म्हणाल्या, "मग पैसे घेऊन काय करणार? पुस्तक तर आताही उघडायचं नाहीस."

हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षा अवघड होता. पैसे द्यायला गट तयार होता, पण पैशाने वेळ होत नव्हता. बऱ्याच वेळाने एक सुनबाई म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी समाजमंदिर मोकळं असतं. माझं पण बारावीचं राहिलंय. मी बसते त्यांच्याबरोबर." दुसरी म्हणाली, ती सतरा नंबर भरणार आहे. ताईंच्या घरचं गुरुवारचं दूध घालायचं काम शेजारणीने घेतलं. कर्ज मंजूर झालं. व्याज शेळीच्या कर्जाइतकंच, महिना एक टक्का, दहा हप्ते. काकू म्हणाल्या, सवलत नको, नाहीतर फुकटचं वाटेल.

नोंदवही माझ्यापुढे होती. 'कर्जाचे कारण' या रकान्यात मी 'शिक्षण' लिहिलं. काकूंनी विचारलं काय लिहिलंस, म्हणून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नुसतं शिक्षण लिहू नको. उद्या कुणी म्हणेल पोरीचं. 'स्वतःचं' लिही."

आतापर्यंत सहा गुरुवार झाले, त्यातला एक पावसाने बुडाला. ताईंचा इंग्रजीचा पेपर मे महिन्यात, तालुक्याला सकाळच्या वेळी आहे. काकूंनी वडापवाल्याला आतापासूनच सांगून ठेवलंय.